किंजळाच्या बुडाशी

मार्च अखेरचा रविवार. राजारामपुरीतलं एक कुटुंब पहाटे कोल्हापुरातून निघून दाजीपूरच्या गेटवर आलं. आजोबा, मुलगा, सून आणि आठवीतली नात. मी इथला गाईड, गाव जंगलाला लागूनच. गाडीत बसतानाच मुलगा म्हणाला, "भावा, गवा दिसलाच पाहिजे बघ."

बहुतेक जण हेच म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. कोल्हापूर संस्थानच्या काळात ही शिकारीची रानं होती. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं. १९८५ ला आणखी रान जोडून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं.

नऊ वाजले तरी गवा नाही. पाणवठ्यावर खुरांचे ताजे ठसे तेवढे दिसले. इतक्यात वरून तो कर्कश, खळखळून हसल्यासारखा आवाज आला. मलबारी राखी धनेश. सह्याद्री सोडून जगात कुठं सापडत नाही हा पक्षी. मी म्हटलं, "आता गव्याचं राहू दे. चला, उतरा."

त्यांच्या घरट्याची ढोल, म्हणजे झाडातली पोकळी, मला माहीत होती. एका जुन्या किंजळात, माणसाच्या पाच-सहापट उंचीवर. नेमकी कुठं, ते मुद्दाम लिहीत नाही.

मादी ढोलीत शिरते, आपल्याच विष्ठेनं तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. नर आणेल तेवढंच खाणं. तो यायचा थांबला की संपलं.

सगळ्यांना झाडापासून लांब, करवीच्या आडोशाला बसवलं. मुलाकडं मोठी लेन्स होती. मध्ये फांदी येत होती, म्हणून त्याला दहा पावलं पुढं जायचं होतं. मी नाही म्हटलं. तो चिडला. "एवढे पैसे मोजून फांदीचा फोटो काढू काय?"

मी काहीच बोललो नाही. दोन वर्षांमागं अशीच दहा पावलं मी माणसांना जाऊ दिलं होतं. मोठा ग्रुप होता, सगळे आनंदात होते, माझ्याच्यानं मोडता घालवला नाही. आम्ही खाली उभे, आणि नर गळ्यात फळं घेऊन लांबच्या झाडावर, तासभर. नंतर दोन रविवारही मी तिथं माणसं नेली. पुढच्या खेपेला लिंपण फुटलेलं होतं आणि ढोल रिकामी. शिकारी प्राण्यानं फोडली की तीच उपाशी बाहेर पडली, मला सांगता येणार नाही. पण आम्ही खाली उभे होतो, एवढं मला माहीत आहे.

पाऊण तास गेला. आजोबांनी नातवाला समजवावं तसं लेकाला खुणेनं खाली बसवलं. आणि तो आला. पंखांचा आवाज आधी, मग पिवळ्या टोकाची नारिंगी चोच. खोडाला बिलगून त्यानं मान मागं टाकली. गळ्यातून एक उंबर वर आलं, चोचीच्या टोकावर आलं, फटीत गेलं. आतून फिकट चोचीचं टोक क्षणभर दिसलं. परत मान मागं, परत उंबर. दुर्बीण पोरीकडं होती, ती हळू आवाजात मोजत होती. चौदा झाली.

परतताना तिनं विचारलं, "काका, त्याला कोणी मारलं तर आतलीला कळणार कसं?"

"कळत नाही बाळ. वाट बघत राहते."

गेटच्या अलीकडं रस्त्यातच गवा उभा होता, मोठा खोंड, पायात पांढरे मोजे घातल्यागत. मुलानं मनासारखे फोटो काढले. पोरगी मागंच बघत होती.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. लांबूनच दुर्बिणीनं किंजळाच्या बुडाशी पाहिलं. पाचोळ्यावर ओल्या बिया पडलेल्या होत्या, ताज्या.