शंकुछेदासाठी लायब्ररी

रविवार, रात्री ११

दहावीतल्या भाचीला महत्त्वमापनातला शंकुछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, पडद्यावर फिरवून दाखवायचा, एवढ्याशा कामात आजचा दिवस गेला. उदाहरण साधे होते : बादलीच्या तोंडाची त्रिज्या १४ सेंमी, तळाची ७ सेंमी आणि उंची ३० सेंमी असेल, तर तीत पाणी किती मावेल? सूत्रात आकडे घालून तिने १०,७८० घनसेंमी हे उत्तर काढलेही होते. मात्र सूत्रात दोन त्रिज्यांच्या गुणाकाराचे पद कुठून येते, हे तिला कळत नव्हते, आणि माझ्या कागदावरच्या आकृतीने तो गोंधळ वाढतच होता.

सवयीने आधी मॅटप्लॉटलिब ही पायथॉन भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, उघडली. ती आलेखांसाठी उत्तम आहे. पण तळ आणि भिंत ही दोन वेगळी पृष्ठे दिली की पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे तिथे अख्ख्या पृष्ठागणिक ठरते, त्यामुळे काही कोनांतून बादलीचा तळ भिंतीच्या पुढे आलेला दिसला. व्हीपायथॉन या त्रिमिती चित्रांच्या लायब्ररीचा साधेपणा मात्र मोहात पाडणारा आहे. एका ओळीत गोल मागितला की प्रकाश, कॅमेरा आणि माउसने फिरवण्याची सोय यांसह तो समोर येतो. शंकू, वृत्तचिती (सिलिंडर), सूची (पिरॅमिड) हे आकार तिथे तयार आहेत, पण नेमका शंकुछेद नाही. थ्री-जेएस या ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्रे दाखवणाऱ्या लायब्ररीतल्या वृत्तचितीला वरची आणि खालची अशा दोन त्रिज्या देता येतात. तिथे अडचण एवढीच की पहिला आकार दिसण्याआधी दृश्य, कॅमेरा आणि दिवे यांची मांडामांड करावी लागते, आणि तेवढ्यात दहावीतल्या मुलीचे लक्ष उडते.

शेवटी ओपनएससीएडीवर थांबलो. काटेकोरपणे पाहता ती लायब्ररी नव्हे, आकार वर्णन करण्याची स्वतंत्र भाषा आहे. दोन त्रिज्यांची वृत्तचिती तिथेही एका ओळीत मिळते, पण मी मुद्दामच ती घेतली नाही. बादली पालथी घालून ६० सेंमी उंचीचा पूर्ण शंकू काढला आणि वरचा अर्धा भाग वजा केला. वजा करण्यासाठी आधी छोटा शंकूच दिला होता, तेव्हा दोघांच्या भिंती तंतोतंत एकावर एक आल्याने चित्र लुकलुकू लागले. त्याजागी मोठा ठोकळा दिल्यावर ते थांबले.

“मामा, वरचा तुकडा गेला कुठे?” भाचीने विचारले. या भाषेत आकारापुढे टक्केचिन्ह लावले की तो धूसर, पारदर्शक दिसतो. तसा छोटा शंकू परत जागेवर ठेवला. तिने वहीत मोठ्या शंकूचे १२,३२० घनसेंमी लिहिले, त्यातून छोट्याचे १,५४० वजा केले आणि उत्तर जुळल्यावर माझ्याकडे पाहिले. मग त्रिज्यांच्या घनांच्या फरकाला त्रिज्यांच्या फरकाने भागून ते अडलेले पद तिच्याकडूनच काढून घेतले.

एक गोष्ट तिनेच हेरली : बादलीच्या कडेला कोपरे होते. मुळात या मापाचे वर्तुळ तिथे ३० बाजूंचे निघते, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.७ टक्क्याने कमी भरते. बाजू १०० केल्यावर कड डोळ्यांना गोल दिसू लागली. फाइलला तिने ‘पालथी बादली’ असे नाव दिले आहे.