टोकियोत जपानी पुस्तकं: पाठ्यपुस्तक इथेच घ्या, वाचायची पुस्तकं तिथून आणा

एन-फोर, म्हणजे जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी, पास झाल्यावर टोकियोला जायचा योग आला, तेव्हा बॅग मुद्दाम अर्धी रिकामी नेली होती. आठ दिवसांत सरावाच्या वह्या धरून 15 पुस्तकं घेतली. सगळी मिळून 2,520 येन, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. पुण्यातून जपानी शिकणारं कोणी ना कोणी सतत जात असतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक सांगते, पाठ्यपुस्तकं तिथे घेऊ नका. ‘मिन्ना नो निहोंगो’ची भारतीय आवृत्ती दिल्लीचे गोयल प्रकाशक काढतात आणि ती मूळ आवृत्तीपेक्षा बरीच स्वस्त पडते. ‘गेंकी’ या दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचा एक भाग मी तिथे पाहिला तेव्हा करासकट 3,850 येन होता. त्यात सूटही मिळत नाही. नव्या पुस्तकाची किंमत तिथे प्रकाशक ठरवतो आणि दुकानदार ती कमी करत नाही. मोठं दुकान असो की गल्लीतलं, भाव एकच. अप्पा बळवंत चौकातली ‘किती कमी करणार?’ ही सवय घरीच ठेवून जा. तरीही शिंजुकू स्टेशनाच्या दक्षिणेकडच्या किनोकुनिया या पुस्तकांच्या दुकानाचा सहावा मजला आणि कोजिमाचीचं बोंजिनशा जरूर बघा. बोंजिनशात फक्त जपानी शिकण्या-शिकवण्याचीच पुस्तकं असतात. चाळा, नावं टिपून घ्या आणि बाहेर पडा.

स्वस्त आणि खरोखर उपयोगी असतं ते जुनं बालसाहित्य. पण खरेदीआधी अर्धा दिवस उएनोच्या आंतरराष्ट्रीय बालसाहित्य ग्रंथालयात घालवा. प्रवेश मोफत आहे, सोमवारी बंद असतं. मुलांच्या खोलीत कुणीही बसून वाचू शकतं. मी आधी अगदी लहान मुलांचं चित्रपुस्तक उचललं आणि दोन पानांत अडकले. सगळं हिरागानात, म्हणजे नुसत्या उच्चारांच्या लिपीत, त्यात आवाजांचे आणि हालचालींचे शब्द ठासून भरलेले. कांजी, म्हणजे अर्थ दाखवणारी चिनी अक्षरं, नसली की अर्थाचा धागाच सापडत नाही. मग तिसरी-चौथीच्या मुलांचं पुस्तक घेतलं. त्यात कांजी होती आणि प्रत्येक कांजीच्या उजवीकडे बारीक अक्षरात फुरिगाना, म्हणजे तिचा हिरागानातला उच्चार. आठ-दहा ओळी न अडखळता वाचल्या तेव्हा इतका आनंद झाला की पुढचे दोन तास तिथून उठलेच नाही. आपली पायरी अशी कळली की दुकानात पैसे वाया जात नाहीत.

ही पुस्तकं मिळतात बुकऑफमध्ये. जुन्या पुस्तकांची ही साखळी जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ सापडते. 110 आणि 220 येनची कपाटं वेगळी असतात, थेट तिकडे जा. कोदान्शा प्रकाशनाची ‘आओइतोरी बुंको’ आणि कादोकावा प्रकाशनाची ‘त्सुबासा बुंको’ या मुलांच्या मालिका शोधा. नवी प्रत साधारण 700-800 येनची. आओइतोरीच्या पुस्तकावर ‘शोगाकु चूक्यू कारा’ असं दिसलं तर ते तिसरी-चौथीपासूनच्या मुलांचं, आणि एन-फोरवाल्यांना ते झेपतं. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, घ्यायचे तर मुलांचे घ्या, त्यांत फुरिगाना असतो. मोठ्यांच्या मांगात बहुतेक वेळा नसतो. उभ्याउभ्या वाचलं तरी कुणी हटकत नाही, म्हणून चार पानं वाचल्याशिवाय एकही पुस्तक घेऊ नका. मी नऊ पुस्तकं 110 ची आणि तीन 220 ची घेतली.

जिम्बोचोला जायचंच. यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच आहे. दारं उत्तरेकडे, कारण उन्हाने पुस्तकं विटतात. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो तेव्हा तिथला जुन्या पुस्तकांचा उत्सव चालू होता आणि फुटपाथभर गाडे लागले होते. मन भरतं, पण शिकणाऱ्यासाठी माल कमी, बरंचसं अभ्यासकांचं आणि संग्राहकांचं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा दुसरा वार निवडा.

ताकादानोबाबाच्या आसपास भाषाशाळा पुष्कळ, म्हणून परीक्षेची जुनी पुस्तकं तिथे शोधली. एका दुकानात 650 येनला एन-थ्रीचा, म्हणजे पुढच्या पातळीचा, प्रश्नसंच मिळाला. हॉटेलवर येऊन पाहिलं तर मागची उत्तरांची सुटी पुस्तिका, म्हणजे ‘बेस्सात्सु’, गायब! तुम्ही दुकानातच उघडून बघा. आधीच्या मालकाने आत काही लिहिलेलं असेल तर प्रतीवर ‘काकिकोमी’ (आत लिहिलेलं आहे) अशी नोंद असू शकते, ती वाचा. सीडी नसली तर मात्र घाबरू नका, ‘गेंकी’ आणि ‘मिन्ना’ दोन्हींचा ऑडिओ ऑनलाइन मोफत आहे. माझ्या प्रश्नसंचात कुणीतरी पेन्सिलने व्हिएतनामी अर्थ लिहिलेत. नवव्या धड्यापर्यंत समासात जागा नाही आणि दहाव्यापासून पानं कोरी. ते खोडायला माझा हात धजला नाही.

उरलेल्या दोन वह्या दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातल्या, 110 येनला एक. शाळकरी मुलांच्या कांजी सरावाच्या. पहिलीला 80 आणि दुसरीला 160 कांजी असतात, त्याच क्रमाने चौकटीत गिरवायच्या.

सगळं मिळून तीन किलोच्या आसपास भरलं. पुस्तकं बॅगेच्या तळाशी, चाकांच्या बाजूला आडवी रचा आणि वर कपडे ठेवा. निघायच्या आदल्या रात्री वजन करा. जास्त भरलं तर दोन-तीन पुस्तकं पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या, परतीच्या विमानात वाचायला होतात.