संयुक्त शाळा अनुदान : रक्कम आली, सही अडली (माझा अनुभव)

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारी रक्कम, यंदाही आलं, खर्च झालं, खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्रही तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जमा झालं. पण बँकेतल्या त्या नमुना सहीच्या कार्डाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या दोनशिक्षकी शाळांमध्ये हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं आणि मार्च आला की सगळे एकमेकांना फोन करत बसतात.

रक्कम पटावर, म्हणजे शाळेतल्या विद्यार्थीसंख्येवर ठरते. निकषाप्रमाणे 30 पटापर्यंत 10 हजार, 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्यापुढे एक लाख. पट यूडायसवरून, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवरून धरतात, त्यामुळे तिथे चुकलेला आकडा थेट अनुदानात दिसतो. निदान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, म्हणजे 25 हजारांत अडीच हजार. सगळी रक्कम एकाच हप्त्यात येईल हे धरून चालू नका. आधी गरजेच्या वस्तूंची यादी करा, मग उरलेल्याची.

आता मुख्य अडचण. शाळेच्या खात्यावर प्रत्यक्ष पैसे येतच नाहीत. खातं शून्य शिलकीचं असतं, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. मेकर लॉगिनवरून पेमेंट तयार करायचं, चेकर लॉगिनवरून मंजूर करायचं, मग पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा पेमेंटचा आदेश छापायचा, त्यावर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष या दोघांच्या सह्या-शिक्के घेऊन तो कागद बँकेत द्यायचा. पीपीएला मुदत असते, ती त्याच्यावरच छापलेली असते. मुदत गेली की तो कागद रद्दी, पुन्हा पहिल्यापासून. आणि 31 मार्चनंतर न वापरलेली मर्यादा परत जाते.

आमची समिती नव्याने निवडली गेली होती. अध्यक्ष बदलले की बँकेत सही बदलावी लागते, हे कळायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कागद गोळा करायला. शाखेने सगळे कागद एकदम सांगितले असते तर एका खेपेत काम झालं असतं. पण एक कागद दिला की दुसरा मागायचा, तो दिला की तिसरा! म्हणून पूर्ण यादी इथेच देतो. समितीच्या ठरावाची सत्यप्रत हवी. त्यात खाते क्रमांक, जुन्या अध्यक्षांची सही रद्द केल्याचं वाक्य आणि नव्या दोन्ही सह्याकर्त्यांची पूर्ण नावं लिहिलेली असावीत. त्यासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, दोघांचं आधार, पॅन किंवा पॅन नसेल तर फॉर्म 60, पासपोर्ट फोटो, आणि शाळेचा गोल शिक्का. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच ठरावात लिहा. मधलं नाव गाळलं तरी कागद परत येतो.

तरीही खरी अडचण कागदांची नाही, माणसांच्या येण्या-जाण्याची आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. आमच्या भागातले कितीतरी पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि उन्हाळ्यातच परततात. मर्यादा मात्र बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत खुली होते. म्हणजे अध्यक्षताई उसाच्या फडात आणि पीपीए शाळेच्या टेबलावर. ताई स्थलांतर करतात म्हणून त्यांना अध्यक्षपदापासून दूर ठेवणं हा उपाय मला मुळीच पटत नाही. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनाच हा हक्क आहे. उपाय असा, की कार्डावरची सही दिवाळीआधीच बदलून घ्यावी आणि त्याच ठरावात अध्यक्षांच्या गैरहजेरीत उपाध्यक्षांना अधिकृत करायचं की नाही हे ठरवावं. मात्र तशी पर्यायी सही शाखा स्वीकारते का, हे ठराव लिहिण्याआधी विचारून घ्या, लेखी उत्तर मिळालं तर उत्तम.

सहीबद्दल आणखी एक. ज्या ताई नुकत्याच सही शिकल्या आहेत, त्यांची सही दर वेळी थोडी वेगळी पडते. एका कागदावर 'सौ.' लागतं, दुसऱ्यावर लागत नाही. आडनावाची शेवटची वेलांटी कधी वर जाते, कधी अर्ध्यात थांबते. खिडकीवरचा माणूस तेवढ्यावरून पीपीए परत करतो. कार्ड भरण्याआधी एका कोऱ्या पानावर दहा-बारा वेळा सही करून घ्या, त्यातली सगळ्यात सोपी ठरवा, 'सौ.' नकोच. तिचा फोटो मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी समोर धरा. ताईंना याचा फार उपयोग होतो, धीर येतो. अंगठा असेल तर बँकेत त्यांना प्रत्यक्ष यावं लागतं का, तेही आधीच विचारा.

पेमेंट ज्याच्या खात्यावर जायचं त्या दुकानदाराचं राहिलंच. पीएफएमएसवर दुकानाचं पाटीवरचं नाव चालत नाही, पासबुकावर खात्याचं जे नाव असेल तेच लागतं. आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाकलं की खातं जुळत नाही. बँकांच्या विलीनीकरणात कोड बदललेत, देना बँकेचं जुनं पासबुक दाखवणारा दुकानदार आजही भेटतो, 2019 ला ती बँक ऑफ बडोद्यात गेली. रद्द केलेला चेक मागा, आणि दरपत्रकं घेतानाच मागा. खात्याची पडताळणी व्हायला काही दिवस जातात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जास्तच.

खरेदीत माझा कल टिकाऊ वस्तूंकडे. पहिली-दुसरीला पावरी आणि अहिराणी या इथल्या बोली बोलणारी मुलं असली तर चित्रकार्डं घ्या आणि चित्राखाली घरचा शब्द व प्रमाण मराठी शब्द दोन्ही लिहून मग लॅमिनेट करा. पातळ लॅमिनेशन एका पावसाळ्यात सुटतं, जाड घ्या, कडेला बोटभर जागा सोडून कापा.

बिलावर शाळेचं नाव आणि तारीख हवी, आणि ती तारीख खरेदीच्या ठरावानंतरची हवी. लेखापरीक्षणात सगळ्यात आधी हेच पाहतात. खडू-फिनाईल साठा नोंदवहीत, कपाट-घड्याळ जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत, आणि पीपीएची बँकेचा शिक्का पडलेली पोच प्रत रोकडवहीच्या त्याच पानाला टाचून ठेवा.