तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मशिदीचं म्युझियम का नाही?

"एवढी जुनी वास्तू, प्रार्थनेला माणसं उरली नाहीत, मग म्युझियम का करत नाही?" आमच्या गावच्या सिनेगॉगबद्दल, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबद्दल, हे मला दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्याला मशीदच म्हणत आलो.) विचारणारे भले लोक असतात, त्यांना खरंच वाईट वाटत असतं. पण "बघू" म्हणून मी विषय बदलते, आणि मग त्यांना वाटतं, हिला काही पडलेलं नाही. म्हणून आज एकदाचं सांगते. म्युझियमचा प्रस्ताव पहिल्यांदा मीच मांडला होता. एरफुर्ट बघून आल्यावर तो मीच बाजूला ठेवला.

जर्मनीतल्या एरफुर्टचं हे जुनं सिनेगॉग. त्यातलं सगळ्यात जुनं लाकूड १०९४ च्या सुमाराचं आहे. मार्च १३४९ मध्ये तिथल्या ज्यूंची कत्तल झाली. मग एका व्यापाऱ्याने खाली तळघर खणलं, वर मजले चढवले आणि गोदाम केलं. पुढे खानावळ, नाचाचा हॉल. भोवती इतकी बांधकामं झाली की नाझींच्या काळात ते सिनेगॉग आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं, म्हणून ते वाचलं. २००९ मध्ये म्युझियम झालं, २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. त्यांच्या कामात मला खोट काढता येत नाही. नाचाच्या हॉलची रंगीत नक्षीसुद्धा त्यांनी पुसलेली नाही.

पप्पा माझ्यासोबत होते. दारातून आत जाताना त्यांचा उजवा हात सवयीने चौकटीकडे गेला, मेझुझाला लावायला. (मेझुझा म्हणजे ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर लावलेली, आत धर्मवचनं असलेली डबी.) तिथे नुसता दगड. त्यांनी तरीही बोटं ओठांना लावली. खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली.

खाली तळघरात १९९८ मध्ये जवळच सापडलेला खजिना मांडला आहे. ३,१४१ चांदीची नाणी, दागिने. त्या कत्तलीच्या दिवसांत कुणीतरी पुरून ठेवलेलं, परत येऊन काढू म्हणून. त्यात लग्नाची सोन्याची अंगठी आहे. खड्याच्या जागी इवलंसं घर आणि छपरावर हिब्रू अक्षरं. पप्पांनी काचेसमोर बोट उजवीकडून डावीकडे नेत एकेक अक्षर लावलं. "मझल टोव," म्हणजे अभिनंदन, ते मोठ्याने म्हणाले. दोघांनी वळून पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "इथे दहा माणसं कोणत्या वेळी जमतात?" (आमच्यात सामूहिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात.)

"पप्पा, हे म्युझियम आहे. इथे कुणी प्रार्थनेला येत नाही." मी ज्या सुरात बोलले तो सूर अजून कानात आहे. पप्पांनी टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. त्यानंतर बाहेर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

एरफुर्टमध्ये आज चालतं सिनेगॉग आहे, १९५२ मध्ये बांधलेलं. मला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण गाडीची वेळ होत आली होती. पुढच्या वर्षी पप्पा गेले.

म्हणजे मी प्रस्ताव मागे घेतला तो अपराधीपणातून, असं म्हणाल. असेलही. पण एवढंच नाही. जुन्या एरफुर्टच्या त्या माणसांना कुणी विचारलं नाही, त्यांना मारलं. आमची माणसं आपल्या पायांनी इस्राएलला गेली. अश्दोदला आहेत, दिमोनाला आहेत. हिवाळ्यात येतात, मशीद उघडायला लावतात, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करतात, मुलांना आजोबांची बसायची जागा दाखवतात. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे तिकीट लावायचं?

पण प्रस्ताव मांडणारी तेव्हाची मी ऐकत नाही. ती म्हणते, वर्षातले चार दिवस येणाऱ्यांच्या भरवशावर वासे टिकतात का? छप्पर कोसळल्यावर शेमा, आपली मुख्य प्रार्थना, कुठे म्हणशील? एरफुर्टची भिंत निदान उभी आहे, म्हणून तुझ्या बापाला ती अक्षरं वाचता आली. यावर माझ्याकडे उत्तर नाही. टोपी घडी घालणारे ते हात तेवढे डोळ्यांसमोर येतात.

प्रस्तावाचा कागद मी फाडलेला नाही. यंदा पावसाच्या आत कौलं चाळून घेतली, दोन वासे बदलले. शुक्रवारी शेजारच्या काकू आत दिवा लावतात. किल्ली त्यांच्याकडेच असते.