होलसेलिंग सुरू करताच मुंबईत व्हीए ठेवू नका

अमेरिकेत घरांचं होलसेलिंग म्हणजे घर नव्हे, घराचा करार विकणं. मालकाशी स्वस्तात करार करायचा आणि फी घेऊन तो रोखीच्या गिऱ्हाइकाला द्यायचा. मुंबईचा दलाल दुसऱ्याची जागा दाखवतो, हा स्वतःच्या कराराचा हक्क विकतो.

इथे अमेरिकेत या धंद्यात उतरलेला आपला एखादा भाचा पहिल्याच आठवड्यात डोंबिवली-ठाण्याकडे व्हीए, म्हणजे घरबसल्या काम करणारा मदतनीस, शोधू लागतो. आमच्या मते दोन-तीन सौदे स्वतः पार पाडेपर्यंत थांबावं. कारण हिशेबात आहे. दुरुस्तीनंतर घर 2,00,000 डॉलरला जाईल असं धरा. त्याचे 70 टक्के, हा या धंद्यातला नेहमीचा ठोकताळा, 1,40,000. त्यातून दुरुस्तीचे 35,000 आणि फीचे 10,000 वजा केले की मालकाला 95,000 पर्यंत बोलता येतं. नवखा व्हीए चुकतो तो त्या 2,00,000 वर. जाहिरातीत मागितलेला भाव उचलतो. हवा असतो गेल्या सहा महिन्यांत त्याच वस्तीत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांचा. हायवेपलीकडची घरं धरणं म्हणजे वांद्रे पूर्व-पश्चिमेचा भाव एकच मानणं. अंदाज 20,000 ने चढला की बोली 14,000 ने चढते. फी गेलीच, गिऱ्हाईकही फिरकत नाही. ही चूक पकडायला भाच्याची नजर तयार हवी.

पुढे माणूस ठेवलाच, तर आधी घरमालकांच्या यादीचं काम द्या: दुबार नावं काढणं, फोन नंबर शोधणं, 'डू नॉट कॉल', म्हणजे विक्रीचे फोन नकोत म्हणून नोंदवलेल्या, यादीतले नंबर दर 31 दिवसांनी गाळणं. न गाळलेल्या एकेका फोनमागे 500 डॉलरपर्यंत, मुद्दाम केला असेल तर 1,500 पर्यंत दावा लागू शकतो, आणि नोटीस भाच्याला येते. 'आम्ही विकत नाही, विकत घेतो' ही पळवाट कोर्टात टिकेलच असं नाही.

फोन सगळ्यात शेवटी. ते सकाळी 8 ते रात्री 9, घेणाऱ्याच्या घड्याळाने. न्यूयॉर्कला माणसं संध्याकाळी 5 नंतर सापडतात. मुंबईत तेव्हा हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. व्हीएने चारच गोष्टी विचाराव्यात: कधी विकायचंय, दुरुस्ती काय, कर्ज किती, भाव काय मनात. घासाघीस भाच्यानेच करावी, आणि आपल्या राज्याचा परवान्याचा नियमही आधी पाहावा. इलिनॉयमध्ये 2019 पासून वर्षात एकापेक्षा जास्त असे सौदे करायला परवाना लागतो.

पहिला पगार पाठवण्याआधी व्हीएकडून डब्ल्यू-8बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं करासाठी लिहून देणारा, फॉर्म भरून घ्या.