तुम्ही विचारलंत म्हणून : आधी व्याख्या, मग चर्चा?

चर्चेला बसण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची व्याख्या ठरवून घ्यावी का, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर नकारार्थी आहे, कारण व्याख्येत आलेल्या शब्दांचीही व्याख्या मागता येते आणि मूळ विषय दारातच ताटकळत राहतो. मात्र एकच शब्द दोघे दोन अर्थांनी वापरत असल्याची शंका आली, की तिथे थांबलेच पाहिजे.

गरिबी घटली की नाही, हा वाद घ्या. एक जण जागतिक बँकेप्रमाणे ठरावीक रकमेची रेषा धरतो आणि तिच्या खाली असलेल्यांना गरीब मानतो. दुसऱ्याच्या मनात युरोपीय संघाचे माप असते. त्यानुसार ज्यांचे उत्पन्न देशातील मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यास बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाच्या, 60 टक्क्यांहून कमी आहे, ते गरिबीच्या जोखमीत मोजले जातात. किमती स्थिर राहून सर्वांचेच उत्पन्न दुप्पट झाले, तर पहिल्या मापाने गरिबी घटेल आणि दुसऱ्या मापाने ती तसूभरही हलणार नाही. दोघांचेही आकडे अचूक असतात, तरी दोघेही एकमेकांना खोटे ठरवत राहतात.

अशा वेळी मी ‘गरिबी’ हा शब्दच थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगतो. मग एकाला ‘किती जणांना पुरेसे अन्न मिळत नाही’ असे म्हणावे लागते, तर दुसऱ्याला ‘तळाचे लोक मधल्यांपेक्षा किती मागे आहेत’ असे. एवढ्यावर भांडण मिटले, तर ते शब्दापुरतेच होते. न मिटल्यास निदान कशाचा पुरावा मागायचा हे तरी कळते.

हे सर्व दोन्ही बाजू प्रामाणिक असतील तरच उपयोगी पडते. मुद्दाम दुसरा अर्थ घेऊन खोडून काढण्याला न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाक्छल म्हणतात. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे असलेला, असे वक्त्याला म्हणायचे असताना ‘याच्याकडे नऊ कांबळी आहेत कुठे?’ असे विचारणे, हे त्याचे जुने उदाहरण. अशा माणसापुढे कितीही काटेकोर व्याख्या ठेवली तरी व्यर्थच.

तरीही व्याख्येवरचा प्रत्येक वाद पोकळ असतो, हे मला मान्य नाही. गरीब कोणाला म्हणायचे यावर मदत कोणाला मिळणार हे ठरत असेल, तर शब्दकोश उघडून तो प्रश्न सुटणार नाही, कारण शब्दकोशात केवळ रूढ वापराची नोंद असते. तिथे ‘मदत अमुक लोकांना मिळावी, असे मला वाटते’ हे उघडपणे मांडावे आणि त्याची कारणे द्यावीत.