ठिपके गेले म्हणून उपचार थांबवू नका

पिल्लांच्या टाकीत पांढरे ठिपके दिसले की औषध पडतं, चार दिवसांत मासे स्वच्छ दिसू लागतात, उपचार थांबतो आणि आठवडाभरात सगळी टाकी पुन्हा ठिपक्यांनी भरते. मग खापर औषधावर फुटतं. खरी चूक थांबवण्याच्या दिवसात असते.

ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेत शिरून बसलेला परजीवी. तिथे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ पुरी झाली की तो गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आतल्या आत विभागत शेकडो नवे जीव तयार करतो. ते बाहेर पडून मासा शोधत पोहतात, तेवढ्याच वेळात मीठ किंवा औषध त्यांना मारतं. मासे स्वच्छ दिसतात तेव्हा रोग तळाशी वाट बघत असतो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान एक आठवडा उपचार चालूच ठेवा.

गप्पी, मॉली, प्लॅटीच्या पिल्लांसाठी मीठ आणि उष्णता ही जोडी मला सगळ्यात सुरक्षित वाटते. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला ४० ग्रॅम साधं मीठ. वेगळ्या भांड्यात विरघळवून २४ तासांत तीन हप्त्यांत घाला. हीटर दर पाच-सहा तासांनी एकेक अंश वाढवत ३० अंशांवर न्या. उबेमुळे परजीवीचं चक्र भराभर फिरतं आणि तो लवकर उघड्यावर येतो. पण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप रात्रीही बंद नको. कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या माशाला मात्र मीठ सोसत नाही.

रोज तळ सायफन करा, म्हणजे नळीने तळाचं पाणी बाहेर ओढा. हवेची बारीक नळी काडीला बांधली की पिल्लं ओढली न जाता खालची घाण नेमकी उचलता येते, आणि तिच्याबरोबर आवरणातले परजीवीही जातात. ५ लिटर पाणी काढलंत तर नव्या ५ लिटरमध्ये १० ग्रॅम मीठ. नुसतं वाफेने कमी झालेलं पाणी साध्या पाण्याने भरा. मीठ उडून जात नाही.

मिथिलीन ब्लू हे निळं औषध माशांच्या अंड्यांवरची बुरशी रोखायला चांगलं. पिल्लांच्या टाकीत ते फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारतं, विषारी अमोनिया चढतो, आणि मेलेल्या पिल्लांचा दोष रोगावर जातो.

पिल्लं मरायला रोगच लागतो असंही नाही. फायटर माशाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दोन-तीन दिवस उभी लटकतात. तेव्हा त्यांना खाणं नको, पोटाखालचा बलक पुरतो. आडवी पोहू लागली की आधी इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि काही दिवसांनी ताजा ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं). लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, जोरदार हवा आणि उजेड मिळाला की २४ तासांत श्रिम्पची अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, जिवंत श्रिम्प उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच नळीने ओढा आणि दाट कापडात गोड्या पाण्याने धुऊन द्या. उशीर केलात तर ते आपलाच बलक संपवतात आणि पिल्लांना पोषण कमी मिळतं.

खाणं दिल्यावर पंधरा मिनिटांनी बाजूने टॉर्च धरा. पोट टाचणीच्या टोकाएवढं पण गच्च नारिंगी दिसायला हवं. पोट सपाट असेल तर श्रिम्प त्या पिल्लाच्या तोंडाला अजून मोठे आहेत. त्याला इन्फुसोरियाच चालू ठेवा. आणि त्याच उजेडात अंगावर सोनेरी धूळ चमकली, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नाही, व्हेल्वेट हा दुसऱ्या परजीवीचा रोग आहे. टाकी लगेच अंधारात झाका, कारण हा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो.